धनगरवाड्यावर एकही पोर नाही

कुंडलिक रेणुसे याच्या हद्दीत नऊ वर्षांत देवीचा एकही रोगी झाला नाही, आणि नेमकं त्याच कारणाने त्याची नोकरी जायची वेळ आली.

हकिगत अठ्ठेचाळीस सालची. मार्चात भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि राजवाड्याकडे तोंड करून मुजरा करणाऱ्यांनी मुंबईकडे तोंड वळवलं. मुंबई नक्की कुठल्या दिशेला, यावर कुंडलिकच्या गावात, मार्गासनीच्या पारावर, दोन पक्ष होते. पण तिथे नवे मंत्री बसतात आणि त्यांतल्या एकाकडे फक्त आरोग्याचं खातं आहे, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत होतं.

"निस्तं आरोग्य?" एका म्हाताऱ्याने विचारलं होतं. "मंग दिवसभर ते करत्यात तरी काय?"

उत्तर दिवाळीच्या आधी टपालाने आलं. जिथे रोग असेल तिथे माणूस आणि औषध पाठवू, असं मंत्री कुठल्याशा सभेत म्हणाले होते. त्या वाक्याचा मुंबईत हुकूम झाला, हुकुमाचा पुण्यात छापील तक्ता झाला आणि तो तक्ता मार्गासनीला कुंडलिकच्या हातात पडला. त्यात एकच रकाना महत्त्वाचा होता : गेल्या वर्षातले देवीचे रोगी.

कुंडलिकला लोक देवी डॉक्टर म्हणत. तो डॉक्टर नव्हता. मराठी चार इयत्ता आणि भोरच्या दवाखान्यात तीन महिने, एवढं त्याचं शिक्षण. पण बावीस वर्षं तो खाकी पिशवी खांद्याला लावून हिवाळाभर खेडोपाडी हिंडत होता. पिशवीत बेळगावहून येणाऱ्या लशीच्या काचेच्या नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या असत; शिवाय टोचायचं हत्यार, स्पिरिटचा दिवा आणि नोंदवही. त्या भागातलं पंचविशीच्या आतलं माणूस बाही वर करून म्हणे, ह्ये कुंडलिकचं काम.

तर त्या रकान्यात त्याने शून्य लिहिलं. नुसतं लिहिलं नाही, औषधाच्या बाटलीचं बूच ठेवून त्याभोवती टाक फिरवला. इतका वाटोळा आकडा त्या कचेरीत दुसऱ्या कुणाचा गेला नसेल.

पंधरा दिवसांनी जबाब आला. सदर हद्दीत रोग आढळत नसल्याने तेथे स्वतंत्र माणसाची आवश्यकता दिसत नाही. पुण्याचे इन्स्पेक्टर वर्षातून एकदा फेरी मारतील, ते पुरेसे व्हावे. इन्स्पेक्टर स्वतः पाहणी करून शेवटचा अभिप्राय देतील.

त्याची बायको बनाबाई चुलीपुढे बसून ऐकत होती.

"दोन-चार लिवायचं हुतं," ती म्हणाली.

"काय दोन-चार?"

"रोगी. ऱ्हायलंच असतं तुमचं काम. त्या घाटाखालच्या डाक्तराच्या हद्दीत दर साल साथ येती, आन् त्याला हाताखाली माणूस दिलाय सरकारनं."

"नसलेलं रोगी कुठनं आणू?"

"मंग बसा आता ते वाटोळं शून्य चघळत."

इन्स्पेक्टर डिसेंबरात आले. वय तिशीचं, पायात बूट, बोलणं अगदी मऊ. मार्गासनीपर्यंत मोटारीने आले आणि चावडीवर आजूबाजूच्या चार माणसांना बोलावून त्यांनी विचारलं, "नऊ वर्षं इथे देवी नाहीत, याचं श्रेय कोणाला द्याल?"

पाली गावाच्या वरच्या धनगरवाड्यावरचा हैबती पुढे बसला होता. वाडीत त्याचा शब्द चाले. त्याने हात जोडले. "मेंगाई देवीची किरपा, सायेब."

कुंडलिक खांबाला टेकून उभा होता. त्याला राहवलं नाही. "आन् मी, हैबती?"

"तुमी बी तिच्याच किरपेनं आला की," हैबती समजुतीने म्हणाला.

इन्स्पेक्टरांनी लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी धनगरवाड्याची पाहणी ठरली. नसरापूरच्या बाजारात दोन घरांत देवी निघाल्याची बातमी त्याच सकाळी आली होती, आणि धनगरांचं लोणी नसरापूरलाच जाई. पाहणी इन्स्पेक्टर करणार होते. कुंडलिकने पिशवी उचलायची आणि मधे बोलायचं नाही, असं ठरलं.

"तेच बरं," निघताना बनाबाई म्हणाली. "तोंड उगडू नका. सायेब मोकळ्या हातानं माघारी आला म्हंजे समजंल त्यास्नी, तुमी काय करता ते."

कुंडलिकला हे पटलं होतं. कारण धनगरवाड्यावर टोचणं अवघड नव्हतं. अवघड होतं पोरं सापडणं. खाकी पिशवी चढावर दिसली की वाडी रिकामी होई. कणगीत, गंजीत, कोंबड्यांच्या डालग्याखाली, गव्हाणीत, जिथे जागा मिळेल तिथे पोरं जात. बावीस वर्षं आया लपवत होत्या आणि बावीस वर्षं हा शोधत होता. त्यात भीती होती, पण नुसती भीती नव्हती. पोराचा दंड आपणहून पुढे करणं म्हणजे देवीला नको म्हणण्यासारखं. ते पाप कोण घेणार? त्यापेक्षा आईने लपवावं, डॉक्टरने हुडकून काढावं, आईने चार शिव्या द्याव्यात आणि मेंगाईपुढे सांगावं, आय, म्या लपवलं हुतं, त्या मेल्यानं शोधलं. सगळं रीतसर होई, आणि पोरालाही लस मिळे.

ही रीत कुंडलिकला ठाऊक होती, तक्त्यात तिला रकाना नव्हता.

इन्स्पेक्टर वाडीवर पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. ठकुबाई, म्हणजे हैबतीची बायको, अंगणात गोवऱ्या थापत होती. तिने सहा पोरं कुंडलिकपासून लपवली होती, सहाही त्याने हुडकून टोचली होती, आणि आता ती नातवंडं लपवत होती.

"बाई, पाच वर्षांखालची मुलं किती इथे?" इन्स्पेक्टरांनी स्वतःच्या बुटाकडे बघत विचारलं. परक्या बाईकडे मान वर करून बघायची त्यांना सवय नव्हती.

"न्हाईत."

"एकही नाही?"

"येक बी न्हाई."

इन्स्पेक्टरांनी तीन खोपटांच्या दारात उभं राहून "आत कोणी आहे का?" असं विचारलं. आतून बायकांनी "न्हाई" म्हणून सांगितलं. अंगणातल्या दोरीवर चौदा बाळोती वाळत होती; त्यांखालून ते वाकून पलीकडे गेले. मग दगडावर बसून त्यांनी वहीत लिहिलं आणि कुंडलिकला समजावं म्हणून मोठ्याने वाचलं : धनगरवाड्यावर पाच वर्षांखालील मूल नाही.

"म्हणजे इथे रोगी नाही आणि मूलही नाही," ते समाधानाने म्हणाले. "काम लवकर झालं. चला."

कुंडलिकच्या पायाखालची वाटच सरकली. साहेब मोकळ्या हाताने चालला होता खरा, पण त्याला ते मोकळे वाटतच नव्हते.

तो पिशवी उचलून चार पावलं चालला. मागून ठकुबाईचा आवाज आला.

"डाक्तर, आज तंबाकू मळायची न्हाई व्हय?"

कुंडलिक थांबला. ठकुबाईच्या तोंडावर राग होता. नसरापूरची बातमी तिच्याही कानावर आली होती, पण पोरं शोधा, असं ती उघड म्हणू शकत नव्हती. मेंगाई ऐकत होती. लपवायचं तिचं काम तिने केलं होतं. शोधायचं ज्याचं काम, तो पिशवी घेऊन उतारावर निघाला होता.

गप्प राहावं, तर पोरं लशीवाचून राहतात. बोलावं, तर लपायच्या सगळ्या जागा साहेबाला कळतात, आणि मग खरोखरच कुंडलिकची गरज उरत नाही. बनाबाई काय म्हणेल हेही त्याला अक्षरशः ऐकू आलं.

तो मटकन खाली बसला.

"काय झालं?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"पाय दुखाया लागलं, सायेब. जरा टेकतो."

त्याने चंची काढली आणि तंबाखू मळायला घेतली. घरात शिरून हुडकणं त्याने पहिल्याच वर्षी सोडलं होतं. तो अंगणात बसे आणि आई कुठे बघत नाही ते बघे. ठकुबाईने राजगडाकडे पाहिलं, शेळ्यांकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. दाराजवळच्या कणगीकडे मात्र तिची नजर एकदाही गेली नाही.

कुंडलिकने तंबाखू तोंडात टाकली, उठला, कणगीचं झाकण काढलं आणि वरईत गळ्यापर्यंत रुतलेल्या दोन नाती बाहेर काढल्या.

"मुडदा बशिवला तुजा!" ठकुबाई मोकळ्या गळ्याने ओरडली. कितीतरी वेळाने तिचा जीव जागेवर आला.

तासाभरात अकरा पोरं निघाली. इन्स्पेक्टरांनी स्वतः दिवा पेटवून दिला. पोरं रडली, आयांनी शिव्या दिल्या, कुंडलिकने टोचलं. उतरताना इन्स्पेक्टरांनी वही काढली आणि क्रमाने लिहून घेतलं : कणगी, गंजी, डालगं, गव्हाण, माळा, घोंगड्यांची चळत.

"पण तुम्हाला कळतं कसं?"

"आईकडं बगायचं, सायेब. ती कुठं बगत न्हाई, तिथं पोर."

इन्स्पेक्टर कानापर्यंत लाल झाले. हे त्यांनी लिहून घेतलं नाही.

"आता यादी झाली आहे," थोड्या वेळाने ते म्हणाले, "तेव्हा लशीचे फोड धरलेत का ते आठव्या दिवशी मी एकटाच येऊन बघेन. तुम्हाला उगीच त्रास नको."

कुंडलिकने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. घरी बनाबाई पुष्कळ बोलली.

आठव्या दिवशी इन्स्पेक्टर आले आणि यादी घेऊन एकटे वर गेले. तिसऱ्या प्रहरी ते कुंडलिकच्या ओसरीवर येऊन बसले. कणगीत वरई होती. गंजीत गवत होतं. डालग्याखाली खुडूक कोंबडी होती आणि तिने बोट फोडलं होतं. बनाबाईने त्या बोटावर हळद दाबली.

"मुलं गेली कुठे पण?" ते म्हणाले. "आठ दिवसांपूर्वी मी डोळ्यांनी पाहिलीत. अकरा होती."

"आसतील की," बनाबाई म्हणाली. "जातील कुठं."

दुसऱ्या दिवशी कुंडलिक वर गेला. अंगणात टेकला, तंबाखू मळली आणि अकराच्या अकरा दंड बघून घेतले. सगळे फोड धरले होते.

"काल कुठं हुती गं पोरं, ठकुबाई?"

"कुठं आसनार? आमी बाया वळीनं बसलो हुतो दारात, आमच्या मांडीवर हुती, पदराखाली. सायबानं रामराम केला की आमाला." ठकुबाईला हसू आवरेना. "पर त्यो मान वर करील तर न! लई गुणाचा मानूस."

"आन् रडली न्हाईत?"

"त्येंच्या त्वांडात गूळ हुता."

इन्स्पेक्टर प्रामाणिक होते. पदराचं त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, पण अकरा मुलं आपल्या हातून हरवली आणि दुसऱ्याच दिवशी कुंडलिकला सापडली, एवढं त्यांनी लिहिलं. पुण्याच्या कचेरीने त्यातली मुलं, बोट आणि कोंबडी गाळली आणि वर पाठवलं की हद्द दुर्गम आहे. मुंबईने ते मानलं. फेब्रुवारीत कुंडलिकला कागद आला : हद्द दुर्गम असल्याने जागा तूर्त चालू ठेवण्यात येत आहे, पुढील तक्ता पाहून फेरविचार करण्यात येईल. कुंडलिकने तो दोनदा वाचला. शोधण्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

सोबत पुढच्या वर्षाचा कोरा तक्ता जोडला होता. वर्षअखेरीला कुंडलिक तो घेऊन ओसरीवर बसला. नसरापूरची साथ त्याच्या हद्दीत आली नव्हती. मेंगाईला त्याबद्दल हैबतीने नारळ वाढवला होता आणि त्यातली एक वाटी कुंडलिककडे पोचती केली होती.

बनाबाई खांद्यावरून डोकावली.

"आवंदा तरी दोन-चार लिवा," ती म्हणाली. "फेरइचार करनार हायेत."

कुंडलिकने टाक दौतीत बुडवला आणि इकडेतिकडे बघितलं.

"त्ये बाटलीचं बूच कुठं ठिवलंस?"