लाइट लागलाच नव्हता

बायको गेली त्याच्या पुढच्या वर्षी माझ्या पिकअपचा धूर गाळायचा फिल्टर चोंदला. बेंबळीच्या आसपासच्या वस्त्यांवरून दूध गोळा करून शीतकेंद्रावर पोचवायचं, हे माझं रोजचं काम. त्या दिवशी चढावर गाडी ओढेचना. कशीबशी कंपनीच्या वर्कशॉपला नेली. वॉरंटी होती, म्हणून निर्धास्त होतो.

मॅनेजरनं बघून सांगितलं, "काका, हे वॉरंटीत बसत नाही. तुम्ही थांबत थांबत गाडी चालवता. काजळी साठली की समोर पिवळा लाइट लागतो. तेव्हा हायवेला जरा पळवली की फिल्टर आपोआप साफ होतो. तुम्ही लाइटकडं दुर्लक्ष केलंत."

"लाइट लागलाच न्हाय."

"असं होत नाही. लक्षात आलं नसेल. सोबत कोण होतं गाडीत?"

"कुणीच न्हाय."

पूर्वी ती असायची. पहाटेच्या फेरीला शेजारी बसायची, कॅनची झाकणं घट्ट लावायची. डिझेलचा काटा खाली आलेला माझ्याआधी तिला दिसायचा. "अवं, हे काय पेटलंय बघा," असं ती नक्की म्हणाली असती.

गाडी तिथंच सोडून एसटीनं परतलो. घरात तोच विचार. खरंच लागला नव्हता का? ती गेल्यापासून मी गॅसवर दूध ठेवून विसरायचो, कुलूप लावलं का ते बघायला अर्ध्या वाटेतून माघारी यायचो. विचारायचं कुणाला? हळूहळू माझं मलाच खरं वाटेना.

तरी वर्कशॉपला जात राहिलो. "वरच्या साहेबांना दाखवा," एवढंच म्हणायचो. बाकीचे कुणाला ना कुणाला सोबत घेऊन आलेले असायचे. मी आवाज बंद केलेला टीव्ही बघत बसायचो.

शेवटी कंपनीकडून इंजिनिअर बाई आल्या. लॅपटॉप जोडून बराच वेळ बघत राहिल्या, मग मला बोलावलं.

"सेन्सर खराब आहे. काजळी साठल्याचं गाडीला कळलंच नाही, म्हणून लाइट लागला नाही. सेन्सर आणि फिल्टर, दोन्ही वॉरंटीत बदलून देऊ."

"म्हंजी लाइट लागला नव्हता?"

"नव्हता, काका."

"नक्की?"

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "तुमचंच बरोबर होतं."

मी बाहेर येऊन उन्हात उभा राहिलो. डोळे कशानं भरून आले, कळलं नाही.

दुरुस्त गाडी मिळाली तेव्हा गावाकडं न वळता येरमाळ्याच्या रस्त्याला लागलो. तिकडं काही काम नव्हतं. एका हॉटेलावर थांबून ढोकीच्या मेहुण्याला फोन लावला. सगळं पहिल्यापासून सांगायचं होतं.

"मिटलं न्हवं? मग झालं तर, दाजी," तो म्हणाला. त्याच्या फडात ऊसतोडीची टोळी आली होती, त्याला घाई होती.

फोन खिशात ठेवला. चहावाल्यानं विचारलं, "आनखी एक देऊ का?" मी हो म्हणालो आणि गाडीकडं बोट करून त्यालाच सांगायला लागलो. गिऱ्हाईक नव्हतं. फडकं खांद्यावर टाकून तो समोरच्या बाकड्यावर बसला.