वकिलाच्या कपाटातले अकरा महिने

दत्ताभाऊ गेला त्या दिवशी मी चाकणला पहिल्या शिफ्टला होतो. आमच्या कंपनीत मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो. जेवणाच्या सुट्टीत काढला, तर त्याच्या बायकोचे, सुमनवहिनींचे, एकावर एक मिस्ड कॉल. फोन लावला तो शेजाऱ्याने उचलला. म्हणाला, "जिन्यात पडले... आता घाई करून येऊ नका." म्हणजे संपलंच होतं. रहाटणीतल्या त्यांच्या इमारतीला लिफ्ट नाही. दत्ताभाऊ चौथ्या मजल्यावर राहायचा, आणि गेला तो दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर. डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका असं लिहून दिलं. आज महिना उलटून गेला तरी मला तसं म्हणवत नाही. त्याला उशिराने मारलं, आणि तो उशीर करणाऱ्या माणसाशी त्याची गाठ मी घालून दिली होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचा राग नेमका कुणावर आहे ते कळेल.

आम्ही दोघं लातूरकडचे, शेजारशेजारच्या गावांतले. मी इकडे आलो तेव्हा त्याने मला आपल्या एका खोलीत ठेवून घेतलं, आपल्या कंपनीत चिकटवलं, आणि भाड्याचा विषय काढला की "नाना, तू लई मोठा साहेब झालास का रं?" म्हणून माझी टर उडवली. तो डिस्पॅचला, मी असेंब्लीला. ओव्हरटाइम करकरून त्याने रहाटणीचा फ्लॅट घेतला, तेव्हा चौथा मजला मिळाला म्हणून केवढा खूश होता! पाहुणा आला की आधी गॅलरीत नेऊन वारा दाखवायचा, मग पाणी. रिटायर झाला आणि वर्षाच्या आत अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, जिने बंद. चौथ्या मजल्यावरच्या माणसाला जिने बंद म्हणजे एक तर घरात बंद, नाही तर घराबाहेर.

मग आम्ही तळेगावला तळमजल्यावरचं एक घर बघितलं. छोटंच होतं. मालक भला माणूस, थांबायला तयार. दत्ताभाऊ गेटातून आत गेला, दारातून स्वयंपाकघरात गेला, परत बाहेर आला आणि म्हणाला, "नाना, कुठं बसावं लागलं न्हाई बग." एवढंच हवं होतं त्याला. रहाटणीचं विकायचं, तळेगावचं घ्यायचं. गिऱ्हाईकही मिळालं. त्याची अट एकच होती. वकिलाने जुने कागद तपासून, घरावर दुसऱ्या कुणाचा हक्क किंवा बोजा नाही असा सर्च रिपोर्ट द्यावा.

वकील मी सुचवला. आमच्याच तालुक्यातला, चिंचवडला ऑफिस थाटलेला. गावाकडच्या लग्नांत पंगतीला मांडीला मांडी लावून बसणारा. दत्ताभाऊने मूळ खरेदीखतासकट सगळे कागद पाकिटात बंद करून त्याच्या हातात दिले आणि पोचपावती मागितली नाही. मीही शेजारी बसून होतो, मीही मागितली नाही. गाववाल्याकडे पावती मागायची म्हणजे तोंडावर चोर म्हटल्यासारखं... आमच्यात असंच असतं. शहाण्या माणसांना हे खुळेपणाचं वाटेल. आहेच तो.

"आठ दिवसांत देतो," वकील म्हणाला. मग कोर्टाला सुट्टी लागली. मग रजिस्टर ऑफिसचा सर्व्हर बंद पडला. मग त्याच्या मेहुण्याचं लग्न आलं. मग "काम चालू आहे, थोडं किचकट आहे." पहिलं गिऱ्हाईक कंटाळून गेलं. दुसरं आलं, तेही गेलं. तळेगावच्या मालकाने आठ महिने वाट बघितली आणि एक दिवस फोन करून माफी मागितली, की आता नाही थांबता येत. त्या दिवशी मी दत्ताभाऊवर खेकसलो. म्हटलं, "कागद परत आण, दुसऱ्या वकिलाला देऊ."

"कसं मागावं, सांग," तो म्हणाला. "आपला मानूस हाय. उद्या गावात म्हनतेल, दत्त्याचा माज्यावर इस्वास न्हाई."

"आणि तुझा जीव?"

"जिना हळूहळू चडतो की मी."

हळूहळू म्हणजे कसा, ते मी पाहिलं होतं. प्रत्येक मजल्यावर थांबायचा, कठड्याला धरून, आणि खाली येणाऱ्यांना दम लागलाय असं वाटू नये म्हणून खिशात किल्ली शोधल्यासारखं करायचा. वकिलाकडे तो दर आठवड्याला जायचा. फोनवर विचारणं त्याला उद्धटपणाचं वाटे. प्रत्येक फेरीला चार मजले खाली, चार मजले वर. गेला त्या दिवशीही तो तिकडूनच परतत होता. वकीलसाहेब भेटलेच नव्हते.

तेराव्यानंतर मी आणि वहिनी कागद आणायला गेलो. वकिलाने उभं राहून हात जोडले, दत्ताभाऊ किती देवमाणूस होता ते सांगितलं. मग खुर्चीत बसून म्हणाला, "आता वारसांची नावं लावावी लागतील. पुन्हा नव्याने सर्च. दोन-तीन महिने धरा."

मी म्हटलं, "आधीच्या सर्चचं काय झालं?"

"ते होतच आलं होतं हो. सगळे कागद नजरेखालून घातलेत मी. एक-दोन शंका होत्या, त्याच बघत होतो."

त्याने कपाटातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. खाकी, जाड, चारी बाजूंनी रुंद टेप मारलेलं. टेपच्या जोडावर, अर्धी टेपवर आणि अर्धी कागदावर, दत्ताभाऊची सही. डिस्पॅचला तो प्रत्येक खोका असाच बंद करायचा, म्हणजे वाटेत कुणी उघडला तर सही तुटते आणि कळतं. मी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. टेप कुठे कापलेली नव्हती. सही जशीच्या तशी होती.

वकिलाचंही लक्ष तिकडे गेलं असावं. तो म्हणाला, "म्हणजे... झेरॉक्सवरून बघितलं असेल."

वहिनी पाकीट जवळ ओढत म्हणाल्या, "साहेब, झेरॉक्स बी आतच हाय. माज्यासमोर भरलंय त्यांनी."

मी त्याला काय काय बोललो ते छापण्यासारखं नाही. गावात ते पोचलंय, आणि माझ्याबद्दल वाईट बोललं जातंय. बोलू द्या. ज्या नावाला जपण्यासाठी दत्ताभाऊ अकरा महिने जिने चढला, ते नाव मला नको आहे.

आता नवी वकीलबाई बघितलीय. चिखलीची आहे, आमच्या ओळखीपाळखीची नाही, आणि पहिल्याच भेटीत म्हणाली, कागद द्या, लगेच पोचपावती देते. परवा मी पाकीट न्यायला रहाटणीला गेलो. वहिनींनी ते देवघराच्या खालच्या फळीवर ठेवलंय. म्हटलं, टेप कापावी लागेल. त्यांनी कात्री आणून दिली, मी ती सहीच्या कडेला टेकवली, आणि वहिनी म्हणाल्या, "नाना, दुसरीकडनं कापा."