मुनग्यावरचा दयाळ

आज सकाळी माझ्या घाईमुळे दयाळ पक्ष्याचं घरटं मोडलं, म्हणून लिहिते आहे.

पावसाआधी आम्ही मुनग्याचं, म्हणजे शेवग्याचं, झाड छाटतो. त्यावरचा दयाळ महिनाभर, मी खुरपत असताना, हाताजवळ येऊन किडे टिपायचा. आमची मैत्री झाली, असं मी सगळ्यांना सांगत होते.

छाटायला आलेले सुखरामभाऊ थबकले. "बाई, हे पाखरू काहून ओरडून राहिलं? ढोलीत पाहू द्या ना मले."

"रोजच बोलतो तो माझ्याशी. तुम्ही तोडा."

फांदी कोसळली. ढोलीत तीन पिल्लं होती. दोन मेली.

त्याचं गाणं आणि त्याची ओरड यांतला फरक मला कळला नाही. तुम्हाला कळला असता?

दुपारी भंडाऱ्याहून आलेल्या वनरक्षकाकडे सोपवलं: एक पिल्लू, जिवंत, कापूस घातलेल्या खोक्यात.