डावीकडे सरकलेलं गाणं

भूतबित माझ्या डोक्यात कधी शिरलं नाही. तलासरीला हायवेच्या कडेला माझं कार ऑडिओचं दुकान आहे. आवाज आला नाही तर फ्यूज बघायचा, वायर बघायची... देवाला मधे आणायचं नाही. तरी लिहितोय, कारण ज्याला सांगितलं तो 'अर्थिंग चेक कर' म्हणाला.

घोलवडच्या एक मावशी दिराबरोबर गाडी घेऊन आल्या. घरची चिकूची वाडी. गाडी त्यांच्या मुलाची, हितेशची. हा हितेश माझं गिऱ्हाईक कमी आणि डोकं खाणारा जास्त — सामान माझ्याकडून न्यायचा, फिटिंग स्वतः करायचा. दिवाळीआधी काविळीने गेला. सिस्टीम अर्धवटच राहिली.

"भाऊ, गाडी विकायचीय," दीर म्हणाला. "उधवा गावची पार्टी रविवारी घ्यायला येणार. हे सगळं काढा, साधा टेप बसवा."

"काढायचं ते नंतर काढा," मावशी म्हणाल्या. "'आई, पुरं झालं की पहिलं तुला ऐकवतो' म्हणायचा तो. ऐकल्याशिवाय मी गाडी देणार नाही."

दिराने किल्ली माझ्या हातात दिली.

काम सोपं होतं. अ‍ॅक्टिव्ह क्रॉसओव्हर म्हणजे आवाजाची वाटणी — जाड आवाज वूफरला, मधला दारातल्या स्पीकरला, बारीक ट्वीटरला, आणि प्रत्येकाला अ‍ॅम्पचा वेगळा चॅनल. कुठे कापायचं ते लॅपटॉपवरून प्रोसेसरमध्ये भरायचं. ट्वीटर मी शेवटी जोडतो, नाहीतर जाड आवाज शिरून जळतो. मग ड्रायव्हरच्या सीटवर माईक लावून डाव्या-उजव्या स्पीकरना असा डिले, म्हणजे किंचित उशीर, द्यायचा की दोन्हीकडचा आवाज एकदमच कानावर यावा. जमलं की गाणारी बाई बरोबर समोर, डॅशबोर्डवर येते. सेटिंग ड्रायव्हरसाठीच करायचं, हा आमच्या धंद्यातला रिवाज. गाडी त्याची, कान त्याचे.

सेव्ह केलं, बॅटरीची वायर काढली, शटर ओढलं.

सकाळी लावलं तर बाई डावीकडे सरकलेली. कट जिथल्या तिथे, फक्त डाव्या-उजव्याचे डिले उलटे! म्हटलं, नवशिक्यासारखी माझ्याच हातून वायरींची अदलाबदल झाली. एकेक स्पीकर वेगळा वाजवून पाहिला. वायरी बरोबर होत्या. पुन्हा सेट केलं, पासवर्ड टाकला. दुसऱ्या सकाळी परत उलटं. माझं डोकंच सटकलं. प्रोसेसर काढून नवा कोरा लावला... तोही सकाळी उलटा. कंपनीच्या माणसाला फोन केला तर तो हसायला लागला. "बॅटरी काढल्यावर कोण बदलणार, भाऊ?" अरे शहाण्या, मी तुला तेच विचारतोय ना!

रविवारीही तेच. मी लॅपटॉप उघडतोय तोवर मावशी आणि दीर दारात.

"जरा थांबा मावशी, गाणं बाजूला सरकलंय. नीट करतो, मग ड्रायव्हरच्या सीटवर बसून ऐका."

"मी कुठे गाडी चालवते?" म्हणत त्यांनी डावीकडचं दार उघडलं. "तो चालवायचा तेव्हा मी इथेच बसायची." बसल्या, सवयीने बेल्टही लावला. मग म्हटलं, ऐकू दे बापड्यांना. हितेशच्या पेनड्राइव्हमधलं पहिलं गाणं लावलं.

मावशींनी समोरच्या डॅशबोर्डवर हात ठेवला.

"ही तर इथे, माझ्यासमोर बसून गातेय हो..."

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. उलटे डिले म्हणजे डाव्या सीटचं सेटिंग. रोज तेच आकडे मी चूक म्हणून पुसत होतो. अंगावर सर्रकन काटा आला, खोटं कशाला सांगू! मावशी रडत होत्या. मी गाणं बंद करायला गेलो तर त्यांनी माझा हात धरला. दीर बाहेर जाऊन उधव्याच्या पार्टीशी फोनवर बोलला. "नाही, गाडी द्यायची नाहीये," एवढंच मला ऐकू आलं.

आता दीरच त्यांना त्या गाडीतून फिरवतो. गाडी माझ्याकडे आली की मी आकडे बघतो. त्या दिवसापासून एकदाही हललेले नाहीत. हितेशने नव्या प्रोसेसरला कधी हातही लावला नव्हता, मग त्या प्रोसेसरला ती डावी सीट कोणी सांगितली? मला माहीत नाही. भूतबित मी आजही मानत नाही. फक्त माईक लावायच्या आधी गिऱ्हाइकाला एक विचारतो — शेजारी कोण बसतं?