आंबिलीतलं फॉन्ड्यू

काहीही विचारा, आमच्या शेजारच्या काकू आधी पदराला हात पुसतात आणि मगच बोलतात. मोबाइलवर नवा पदार्थ दिसला की म्हणतात, "पाहून घेऊ त्याले."

या खेपेला पुण्याच्या जावयासाठी फॉन्ड्यू करायचं होतं, म्हणजे बिअरमध्ये वितळवलेलं चीज, पाव बुडवून खायचं. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी. मी म्हटलं, नदीपलीकडून कोणी बाटली आणून देईल.

काकूंनी हात पुसले. "हातभट्टीचे मडके फोडले म्या, अन् आता जावयासाठी बाटली आणू? नाई जमत."

त्यांनी ज्वारीची आंबट आंबील मंद आचेवर ठेवली आणि मूठ मूठ किसलेलं चीज टाकत ढवळत राहिल्या. गुठळ्या होणार, अशी मला धास्ती होती. एकही झाली नाही.

जावयाने पावाऐवजी रोडगा बुडवला, पुन्हा बुडवला, शेवटी पातेलं पुसून खाल्लं.

"आई, बिअर कोणती वापरली?"

काकूंनी सावकाश हात पुसले. "आमच्या वावरातली जवारी हाय ते, जावईबापू."

ती ज्वारी जणू मीच सोंगली होती, अशी माझी मान ताठ झाली.