मान डोलावली आणि देव हरवले

मी स्वतःविषयी फारसे बोलत नाही. बोलावे असे थोडे असते, आणि त्यातही अर्धा अहंकार असतो. पण तुम्ही चहा पाजलात, वर घराची चौकशी केलीत. तेव्हा ऐका. माझ्या हातून असा प्रमाद घडला आहे की, तो एखाद्या विद्यार्थ्याने केला असता तर मी त्याच्या पालकांना बोलावून घेतले असते!

वाशीतले आमचे बैठे घर जुने. खाडीची खारी हवा वर्षानुवर्षे आत शिरत राहिली, सळ्या फुगल्या, प्लास्टर सुटले. माझी पत्नी सुमन म्हणाली, "गवंडी बघू या." मी म्हणालो, "परमेश्वराने आपल्याला चार हात दिले आहेत." निवृत्त मुख्याध्यापकाला सुविचारांची टंचाई कधीच नसते.

मग काय! ज्या घरात राहत होतो, तेच घर आम्ही फोडू लागलो. शेगडी झोपायच्या खोलीत, अंथरूण स्वयंपाकघरात, वाळू पोह्यांत. सुमन सिमेंट आणि वाळू चकलीच्या भाजणीइतक्या काटेकोरपणे मोजून घेई. थापी माझ्या हाती. पहिल्या भिंतीचे प्लास्टर माझ्याच डोक्यावर उतरले. दुसऱ्या भिंतीचे जागेवर राहिले. यालाच साधना म्हणतात.

सुमनचे थोरले बंधू, म्हणजे दादा, साताऱ्याला असतात. त्यांच्या कानी ही वार्ता गेली. लगेच फोन! "मास्तर, खडूच्या हातानं थापी धरलीय म्हनं? भिंत उभी ऱ्हायली तर तुमच्या सत्यनारायणाला मी सोता येतो!"

"या," मी म्हणालो. रविवार ठरला.

सुमन त्यांना आणायला बुधवारी निघाली. या पूजेत तिला एकच गोष्ट हवी होती. लग्नात वडील हयात नव्हते. माहेरची अन्नपूर्णा दादांनीच तिच्या ओंजळीत घातली होती. ती अन्नपूर्णा नव्या घरात, दादांच्या डोळ्यांदेखत पाटावर बसावी, इतकेच.

निघताना ती मला काही सांगत होती. मी जपाला बसलो होतो. माळ अर्ध्यावर ठेवून बोलणे मला मान्य नाही. मी मान डोलावली. ती पुढे बोलली. मी पुन्हा डोलावली. "कळलं ना?" तिने विचारले. मी तिसऱ्यांदा डोलावली. माळ पूर्ण झाली तेव्हा ती एसटीत बसली होती.

दादांना चकित करावे म्हणून त्याच दिवशी बाहेरच्या खोलीची मोठी भिंत मी एकट्याने करायला घेतली. तिच्या मधोमध जुन्या फ्यूजबोर्डाचा कोनाडा होता. तो बुजवायचाच होता. पाहतो तो काय, सुमनने आधीच आत जुन्या गोधडीचे गाठोडे कोंबून ठेवलेले! विटा वाचाव्यात म्हणून. तिच्या काटकसरीचे मला कौतुक वाटले. मी पुढून विटा लावल्या, प्लास्टर चढवले, लाकडी रंधा फिरवून सपाट केले आणि ओळंबा सोडला. सुताचाही फरक नाही! सबंध वेळ मुखी नाम होते. नामाशिवाय अशी भिंत होत नाही, असे मी त्या भिंतीलाच सांगितले.

गुरुवारी सकाळी स्नान करून पूजेला बसलो. देव्हारा रिकामा! गणपती नाही, बाळकृष्ण नाही, अन्नपूर्णा नाही!

तुम्ही म्हणाल, फोन करून विचारायचे. कोणत्या तोंडाने? तीन वेळा मान डोलावली होती मी! आयुष्यभर पोरांना "लक्ष कुठे आहे?" असे दरडावणाऱ्याने बायकोला काय सांगावे? लक्ष देवाकडे होते, म्हणून देव हरवले?

संध्याकाळी तिचाच फोन आला.

"अहो, देवांपुढे फूल ठेवता ना?"

"मानसपूजा करतो."

"तेच बरं, धूळ उडतेय तोवर. त्यांच्यावर धूळ नाही ना जात?"

"कणही नाही."

"नक्की?"

"माझी पूर्ण श्रद्धा आहे."

मी खोटे बोलत नाही. मात्र एकही खोटा शब्द न उच्चारता किती लबाडी करता येते, ते मला त्या संध्याकाळी कळले.

आता संशय कोणावर घ्यावा? बुधवारी दुपारी आमच्याकडचा फोडलेला माल गोणींत भरून नेला होता जवळच्या जुन्या गावातल्या हिरामणने. त्याचा टेम्पो आहे. तो माल तो स्वतःच्या घराच्या ओट्यात भरणीला घालत होता. शुक्रवारी मी त्याच्या दारात उभा राहिलो.

"हिरामण," मी म्हणालो, "परक्याची वस्तू परत करणे ही पश्चात्तापाची पहिली पायरी आहे."

त्याचा चेहरा पडला. माझी खात्री पटली! तो निमूट आत गेला आणि एक पितळी नळ घेऊन आला.

"घ्या मास्तर. गोनीन मिलाला. मी इचारनारच होतो."

"आणखी?"

"दोन बिजागऱ्या हायेत."

"आणखी!"

"दाराची एक करी. गंजलेली हाय, पन घ्या."

"हिरामण, देव पाहतो आहे."

"मास्तर, आता तुमचा जुना पायपुसनाच उरलाय! त्यो पन नेता काय?"

तेव्हा मी देव गेल्याचे सांगितले. तो मटकन खाली बसला. मग ताडकन उठला. "आमचे ओट्याखाली देव? न आमी वरशी पाय देऊन चालाचा? नाय मास्तर, नाय!" त्याने फावडे आणले. दुपारपर्यंत आम्ही दोघांनी त्याचा नुकताच भरलेला ओटा उलथून टाकला. त्यात माझ्या घराचा चुरा होता. देव नव्हते. "मिलतील मास्तर," तो घाम पुसत म्हणाला. ज्याला मी चोर ठरवले, तो माझी समजूत काढत होता! मी नळ त्याला परत दिला. बिजागऱ्याही.

शनिवारी संध्याकाळी सुमन दादांना घेऊन आली. दादा उंबऱ्यातच थबकले. भिंतीवरून तळहात फिरवला. एक डोळा मिटून कोपरा पाहिला.

"मास्तर, ही तुमी केली?"

"होय."

"सोता?"

"ईश्वरकृपेने."

"आमच्या साताऱ्यात असा हात न्हाई! शब्द माघारी घेतो."

घरात देव नाहीत हे ठाऊक असूनही माझी छाती दोन इंच पुढे आली. माणसाचा गर्व पाहा!

"अहो," मागून सुमनचा आवाज आला, "कोनाडा कुठे आहे?"

"बुजवला."

"आणि देव?"

"देव... म्हणजे, देवांचे असे झाले..."

"अहो, जाताना सांगितलं ना तुम्हाला! धूळ नको म्हणून देव डब्यात घातलेत, गोधडीत गुंडाळून कोनाड्यात ठेवलेत, मी येईपर्यंत त्या भिंतीला हात लावू नका! तीनदा मान डोलावलीत की हो!"

दादांनी माझ्याकडे पाहिले, भिंतीकडे पाहिले, मग टोपी काढून भिंतीला नमस्कार केला.

छिन्नी आली, हातोडा आला. आणि भिंत? फुटेल तर शपथ! दादा घामाघूम झाले. "मास्तर, देव पळून जातील असं भ्या वाटलं व्हतं का काय?" मी हातोडा मारीत राहिलो. प्रत्येक घावाला लाज वाटत होती, आणि खरे सांगतो, भिंत दाद देत नाही याचा थोडा आनंदही होत होता.

तासाभराने डबा हाती आला. सुमनने झाकण काढले. अन्नपूर्णा हातातल्या पळीसह जशीच्या तशी! सुमनला रडू आले, मग हसू आले, मग माझ्याकडे पाहताच हसू थांबले. दादांनी हात धुतले, मूर्ती उचलली आणि लग्नात ठेवली होती तशी पुन्हा बहिणीच्या ओंजळीत ठेवली.

रविवारी पूजा थाटात झाली. फोडलेल्या भोकाच्या कडा मी पहाटे उठून गुळगुळीत केल्या होत्या. अन्नपूर्णा पाटावर बसली, बाकीचे देव त्या भोकातच मांडले. येणारा प्रत्येकजण म्हणे, "वा! भिंतीतला देव्हारा! काय कल्पना आहे!" खोटी कीर्ती घेणे मला जमत नाही. कथा सुरू होण्यापूर्वी मी उभा राहिलो, घडले ते सारे सांगितले, आणि सर्वांसमक्ष हिरामणपुढे हात जोडले.

"हात कशाला जोरता, मास्तर?" हिरामण ओशाळून म्हणाला. "भिंत एक नंबर हाय तुमची. दोन मानसांना तासभर फुटली नाय! आमचे घरची पन एक करून द्या."

ऐकलेत? कारागीर म्हणून आलेले पहिले बोलावणे, तेही भरल्या घरात! दादांनी मान तुकवली. सुमनच्या चेहऱ्यावरही अभिमान दिसला. मी ताठ झालो.

"अवश्य. कधी येऊ?"

"कवा पन या," हिरामण म्हणाला. "पन आमची आई दिसभर त्याच भिंतीला टेकून बसते. काम सुरू कराचे आधी तिला तेवरी उठवा."