डाव्या बाजूची सीट

परवा गाडीत बसण्याआधी बायकोने आवळासुपारीची डबी उघडली आणि त्या आंबट-तुरट वासाने मला सर्व्हिस सेंटरमधली एक दुपार आठवली. आई आजारपणात जाऊन चार महिने झाले होते. बाबांच्या गाडीच्या एअरबॅगमध्ये दोष आहे, फुकट बदलून देतो, असं कंपनीचं पत्र आलं होतं, म्हणून आम्ही दोघे गेलो होतो. मेकॅनिकने डॅशबोर्डचा खण रिकामा केला, आईची आवळासुपारीची डबी बाबांच्या हातात दिली आणि सहज म्हणाला, "काका, तुमच्याकडची ठीक आहे, डावीकडचीच खराब. फुटली असती तर आतले धातूचे तुकडे इथे बसलेल्या माणसाला लागले असते." बाबा डबीचं झाकण नुसतं उघडत-मिटत राहिले. आईचे गुडघे दुखायचे. "मी मागे बसत्ये, पाय तरी पसरता येतील," असं ती दर वेळी म्हणायची आणि बाबा दर वेळी विचारायचे, "म्हणजे मी काय तुझा ड्रायव्हर?" मग ती मुकाट्याने पुढे येऊन बसायची. काम झाल्यावर मी पुढचं दार उघडलं, तर बाबा म्हणाले, "मागे बस." "बाबा, नवी बसवलीय ना आता." "असू दे. तू मागे बस." भाट्याच्या पुलावर खाडीचा खारा वारा आत येत होता, आणि बाबा घरापर्यंत, एखाद्या ड्रायव्हरसारखे, गाडी चालवत राहिले. परवा डबी मिटत बायको म्हणाली, "आज मी मागे बसते." मी आरसा नीट केला आणि गाडी सुरू केली.